झाकणाचा कर

३ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कानातलं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून तू ते काढून डबीत ठेवलंस, हे वाचून हसावं की रागवावं कळेना. यंत्र कानात घालायचं असतं, बाई. डबीला ऐकू येऊन काय उपयोग? ते नीट होईपर्यंत आपली पत्रंच बरी. फोनवर मी ओरडायला लागलो की सगळी आळी माझ्या गुडघ्याची चौकशी करायला येते.

दुकान चाललंय म्हणायचं. फ्लेक्सवाल्यांनी पाट्या रंगवणाऱ्यांच्या पोटावर पाय दिला तो दिलाच. या महिन्यात तीन पाट्या झाल्या, त्यातली एक ‘येथे गाडी लावू नये’. ती लावून झाल्यावर तिच्याखालीच दोन गाड्या उभ्या होत्या.

गावात नवं प्रकरण सुरू झालंय. तुला आमच्या नगरपालिकेचं कौतुक वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरपट्टी तीन वर्षांत दोनदा वाढली. पाणीपट्टी पूर्ण दिवसाची आणि पाणी चाळीस मिनिटांचं. कचऱ्याचं शुल्क वेगळं, पण कचरागाडी आपल्या कोपऱ्यावर थांबत नाही, नुसती गाणं वाजवत पुढे जाते. पिशवी घेऊन तिच्यामागे धावायला माझे गुडघे राहिलेत का? दिवाबत्तीचा करही मी न चुकता भरतो. खांब आहे, बत्ती नाही. आणि या सगळ्यावर आता आलंय विकास शुल्क. शाळेपासून गोदामापर्यंतचा नाला झाकायचा, वर फरसबंद वाट करायची, बाकं ठेवायची, दिवे लावायचे. त्यासाठी दर घराला सारखंच शुल्क. टेकडीवरच्या बंगल्याला जेवढं, तेवढंच भंगारवाल्याच्या पत्र्याच्या खोलीला. याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणोत बापडे.

परवा कोपऱ्यावरचे औषधवाले आणि निवृत्त हेडमास्तर दुकानात आले. विरोध समिती काढतायत. मी अध्यक्ष व्हावं आणि फलक माझ्या हातचे असावेत असं त्यांचं म्हणणं. औषधवाले म्हणाले की एकतीस वर्षांपूर्वी तुम्ही हाच कर एकट्याने पाडलात, गाव अजून विसरलेलं नाही. मी त्यांना चहा पाजला आणि विचार करून सांगतो म्हटलं.

मोजणीसाठी कंत्राटदाराने गोदामाची भिंत खरवडलीय. चुन्याखालून माझी जुनी अक्षरं वर आली आहेत. हल्ली मी बाजारात मागच्या गल्लीने जातो.

सूनबाई आणि नातवंडांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा


१० फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. सुनेलाही वाचून दाखवलं. कचरागाडीपाशी ती इतकी हसली की नातवाला वाटलं आम्ही त्यालाच हसतोय, तो रुसून बसला. यंत्र दुरुस्तीला दिलंय. दुकानदार म्हणाला की शिट्टी यंत्राची नव्हे, मी ते उलटं घालत होते. आता पोटभर हसून घे.

पण दादा, एक सांगू? तुझ्या पत्रात कचऱ्याबद्दल बारा ओळी आहेत आणि गोदामाच्या भिंतीबद्दल दोन. मी पालिकेत टायपिस्ट होते. कागदावर काय लांबवलंय आणि काय आटोपतं घेतलंय, एवढं मला अजून कळतं.

मागच्या महिन्यात सून कामासाठी तुझ्याकडे येऊन गेली. आल्यावर ती मला म्हणाली की मामा रोज पावणेपाचला शटर ओढून घेतात आणि अर्धा तास आत नुसते बसतात. तिने कारण विचारलं तर तू म्हणालास की ऊन आत येतं. दादा, तुझं दुकान पूर्वेकडे तोंड करून आहे. पावणेपाचला तिथे ऊन कुठून आलं? मला त्या वेळेचा अर्थ माहीत आहे. शाळा सुटून मुलं नाल्याच्या कडेने घरी जातात, ती ही वेळ.

तू समितीला नाही म्हण. कारण विचारलं तर गुडघा पुढे कर, तुझ्या गुडघ्याला कोणी नाही म्हणणार नाही. शुल्क तू म्हणतोस तसं अन्यायाचं असेलही. दुसरं कोणी लढेल. तू त्या भिंतीपाशी पुन्हा उभा राहू नयेस असं मला वाटतं.

औषधं वेळेवर घे. माया आटू नये एवढंच मागणं.

तुझी,
बेबी


१७ फेब्रुवारी

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनदा घडी घालून गल्ल्यात ठेवलं. एकतीस वर्षांत आपण दोघांनी एकमेकांना किती पत्रं लिहिली असतील. त्यातल्या एकातही आपण तिचं नाव घेतलेलं नाही. आता घेतो. ठमी.

समितीने माझ्या होकाराची वाट पाहिली नाही. पत्रकावर माझं नाव छापून मोकळे झाले. नऊ मार्चला सुनावणी आहे आणि त्यात पहिला बोलणार मी.

त्या वेळची ओळ मीच जुळवली होती. ‘आधी खिसे सोडा, मग झाकण जोडा.’ एका रात्रीत सगळ्या गावाच्या तोंडी झाली होती. पालिकेला नाला झाकायचा होता, आम्ही म्हटलं आमच्या पैशाने नको. मोर्चा निघाला, सभेत गोंधळ झाला, शुल्क रद्द झालं. त्या संध्याकाळी लोकांनी मला खांद्यावर घेऊन घरी आणलं, तुला आठवत असेल. आणि चार महिन्यांनी ठमी त्या उघड्या नाल्यात पडली. मग कुठून कसे कोण जाणे, शाळेसमोरच्या दोनशे फुटांवर फरशा टाकायला पालिकेला पैसे सापडले.

हे सगळं तुला माहीत आहे. जे माहीत नाही ते आज लिहितो.

त्या दिवशी मी नाल्यासमोर कापडदुकानाची पाटी रंगवत होतो. शिडीवर होतो. ठमी कठड्यावरून चालली होती. कठडा म्हणजे काय, वीतभर रुंदीची दगडाची कड. सगळीच मुलं तिच्यावरून चालायची. दोन्ही हात पसरलेले, एका पावलापुढे दुसरं पाऊल. मी तिला पाहिलं, बेबी. उतर खाली, एवढंच म्हणायचं होतं, आणि माझा आवाज तुला माहीत आहे, गल्लीच्या त्या टोकाला गेला असता. पण ब्रश रंगात बुडवलेला होता, थेंब गळेल म्हणून मी पाटीकडे वळलो. दोन अक्षरं काढली. पुन्हा पाहिलं तर कठडा रिकामा. मला वाटलं, गेली असेल. आणखी दोन काढली. पाटी पुरी करूनच खाली उतरलो. तोवर खालच्या बाजूला लोक धावायला लागले होते.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या वहिनीलाही नाही, ती गेली तोवर नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण पावणेपाच वाजले की दुकानासमोरच्या फरशीवरून कोणीतरी हात पसरून चाललंय असं डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतं. मान वळवली की फरशी असते, नुसती. पहिली काही वर्षं मी मान वळवत असे. मग शटर ओढायला लागलो. शटर ओढलं तरी खालच्या फटीतून उजेडाची पट्टी येते आणि त्या पट्टीत एखादी सावली सरकते. कोणाचीही असेल. रस्ता आहे, माणसं जाणारच.

गोदामाच्या भिंतीवर माझ्या ओळीतले दोनच शब्द शाबूत राहिलेत, ‘मग झाकण’. आत्ताच रंगवल्यासारखे काळेभोर. कंत्राटदाराचा माणूस मला म्हणाला की काका, काय रंग वापरायचात तुम्ही, घासून निघत नाही.

ठमीची आई अजून त्याच गल्लीत आहे. शिवणकाम करते. एकतीस वर्षांत माझ्याशी ती एक शब्द वावगा बोललेली नाही. समोरून आली की मान हलवून पुढे जाते. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी आलो असतो.

आता तूच सांग, नऊ तारखेला मी उभा राहून काय बोलू?

तुझा,
दादा


२४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

आज गंमत काही लिहीत नाही. यंत्र आलंय, ऐकू येतंय, पण फोनवर हे बोलणं मला जमणार नाही. म्हणून कागदच.

तुला वाटतं ती सभा तू जिंकलीस. त्या सभेचं इतिवृत्त मी टाइप केलं होतं. शहर अभियंत्याच्या प्रस्तावात दोन भाग होते, दादा. पहिला भाग, शुल्क घेऊन सगळा नाला झाकायचा. दुसरा भाग असा की ते मंजूर झालं नाही तर निदान शाळेसमोर लोखंडी कठडा लावायचा. त्याला शुल्काची गरज नव्हती, पालिकेच्या रोजच्या दुरुस्तीतून तो झाला असता. बाहेर तुमच्या घोषणा चालल्या होत्या, काचा थरथरत होत्या. नगराध्यक्ष घाबरले आणि म्हणाले की हा विषय सगळाच तहकूब करा. हेडक्लार्कने मला तेच टाइप करायला सांगितलं. मी विचारलं की कठड्याचं वेगळं लिहायचं का. ते म्हणाले की सांगितलं तेवढं करा, बाई. मी केलं. एका ओळीचं काम होतं. कठडा त्या ओळीखाली गेला.

तुम्हा बाहेरच्यांना दुसऱ्या भागाचा पत्ताच नव्हता. मला होता. त्या संध्याकाळी तुला सांगायचं म्हणून मी घरी आले, तर तू लोकांच्या खांद्यावर होतास. आई दारात उभी राहून रडत होती, आनंदाने. आपल्या घरात त्यापूर्वी कोणाचा असा मान झाला नव्हता. मी म्हटलं, उद्या सांगू. मग परवा म्हटलं. तू दुसऱ्या दिवशी जाऊन कठडा मागितला असतास तर पालिकेने मुकाट्याने दिला असता, एवढी तेव्हा तुझी धास्ती होती.

ठमी गेली त्याच वर्षी मी नोकरी सोडली आणि मिळालं ते पहिलं स्थळ पत्करून गाव सोडलं. तुला वाटलं, बेबीला लग्नाची घाई झालीय. बरीच वर्षं तू त्यावरून मला चिडवलंस. मी चिडवू दिलं.

तेव्हा सगळं ओझं आपलंच आहे असं समजू नकोस. अर्धं माझं आहे. मी ते इकडे घेऊन आले होते आणि तू तिकडे अर्ध्यालाच पूर्ण समजून वाहत बसलास.

एक गोष्ट तुला न विचारता केलीय. ठमीच्या आईला पत्र लिहिलं. माझं टायपिंगचं लिहिलं आणि तुझं शिडीचंही. रागव हवं तर. पण त्या बाईच्या मुलीची शेवटची काही पावलं तुझ्यापाशी आहेत, दादा. ती ठेवून घ्यायचा आपल्याला काय हक्क?

रागातही माया असू दे.

तुझी,
बेबी


१ मार्च

रा. पेंटरभाऊ यांस स. न. वि. वि.

तुमच्या बहिणीचं पत्र आलं. दोन गल्ल्या ओलांडून तुमच्याशी बोलता आलं असतं, पण बोलताना माझा आवाज जातो. कागदावर जात नाही.

तुम्हाला बहुतेक माहीत नसेल, तुमच्या मोर्चातले कापडी फलक मी शिवले होते. हेडमास्तर कापड देऊन गेले होते. मी शिलाई घेतली नाही. तुमच्या अर्जावर माझी सहीही आहे, अकरावी. हे शुल्क मला झेपणार नव्हतं. ठमीचे वडील तेव्हा नुकतेच गेले होते, मशीन हप्त्यावर होतं. बंगल्याला आणि मला सारखा कर कसा, हे तुमचं म्हणणं मला पटलं होतं आणि आजही पटतं. तुम्ही चुकलात असं म्हणता आलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तुम्हाला वाटत असेल मी तुमच्याकडे बघत नाही. मी त्या सहीकडे बघत नाही.

तुमच्या बहिणीने माफी मागितलीय. तिचं काय करायचं ते मला अजून कळत नाही. घेतली असं लिहिलं तर खोटं होईल आणि घेत नाही म्हणावं इतका राग आता अंगात उरलेला नाही. पत्र मशीनच्या खणात ठेवलंय.

मला तुम्हाला एक विचारायचं आहे. त्या दिवशी ठमी शाळेतून घरी आली ती डबा विसरून. नवा डबा होता. माझ्यापुढे गणवेशांचा ढीग पडला होता. मी तिला एक चापट मारली आणि तशीच उलट पाठवली, डबा आण म्हणून. डबा नंतर शाळेत सापडला नाही आणि नाल्यातही सापडला नाही. तेव्हा ती जाताना पडली की येताना, हे मला कधी कळलं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या येताना, डॉक्टर म्हणाले येताना, शेजारी म्हणाले येताना. त्यांच्यातल्या कोणीच तिला पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलंत.

ती शाळेकडे चालली होती की घराकडे? आणि ती रडत होती का?

चांगलं वाटावं म्हणून काही सांगू नका. तसं सांगणारे खूप झाले.

कळावे,
ठमीची आई


१२ मार्च

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो, दोन दिवस. मग ठमीच्या आईचं पत्र आलं आणि राग ठेवायला जागा उरली नाही. त्या पत्राची नक्कल सोबत पाठवतोय. आधी ते वाच, मग पुढे ये.

सुनावणीचं आधी सांगतो, ते सोपं आहे. सभागृह भरलं होतं. पंखे दोन आणि दोन्ही मुख्याधिकाऱ्यांच्या डोक्यावर. औषधवाल्यांनी माझी ओळख करून देताना खिसे सोडावाली ओळ म्हटली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो आणि म्हटलं की ही ओळ माझी आहे आणि तिची दोन टोकं एकमेकांना बांधली ही माझी चूक. शुल्क सगळ्यांना सारखं लावणं तेव्हाही अन्याय होता, आजही आहे. ज्याचं घर मोठं, त्याने जास्त द्यावं, यासाठी मी पालिकेच्या दारात बसायला तयार आहे. पण झाकण मागायचं आणि कराशी भांडायचं, ही दोन्ही कामं एका दमात करता येतात, हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा भांडण चालू राहू दे, मात्र नाल्याच्या उरलेल्या कडेला लोखंडी कठडा याच महिन्यात लावा, आणि तो दुरुस्तीच्या खर्चातून लावा. तो तसा लावता येतो, हे मला पालिकेच्याच एका जुन्या टायपिस्टने सांगितलंय.

टाळ्या वाजल्या नाहीत. हेडमास्तर खाली बघत बसले. मग दुसऱ्या रांगेतून ठमीची आई उठली. ती एवढंच म्हणाली की तिची एक खोली आहे, त्या खोलीपुरता कर ती भरेल आणि कठड्याला तिचा पाठिंबा लिहून घ्यावा. मुख्याधिकारी नव्याने आलेले, त्यांना ती कोण हे माहीत नव्हतं. त्यांनी नाव विचारलं. शेजारच्या कारकुनाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

आज सकाळी खांबांसाठी खड्डे खणायला माणसं आली आहेत. शुल्काचा निर्णय लोंबकळतोय, लोंबकळू दे. औषधवाले मला ओळख दाखवत नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या आता लांबच्या दुकानातून आणतो, तेवढंच गुडघ्यांना चालणं.

आता दुसरं. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेलो होतो.

खोली लहान आहे, खिडकीशी मशीन. एका खुर्चीवर कपड्यांची चळत होती, ती उचलून तिने मला बसायला दिलं आणि स्वतः मशीन चालवत राहिली. माझ्याकडे पाठ करून. मला वाटतं, तसंच तिला ऐकायचं होतं. वाटेत मी हजारदा ठरवलं होतं की घराकडे म्हणून सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडे, कोणाला कळणार होतं? पण तिची ती पाठ बघितली आणि माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, शाळेकडे. तोंड शाळेकडे होतं आणि हात रिकामे, दोन्ही पसरलेले, म्हणून मला नक्की माहीत आहे.

मशीन थांबलं. मग ती म्हणाली की तिला ते माहीत होतं, कोणीतरी सांगायला हवं होतं इतकंच. आणि मान न वळवता तिने दुसरा प्रश्न पुन्हा विचारला, रडत होती का.

बेबी, मागच्या पत्रात मी तुला सगळं लिहिलं असं दाखवलं होतं. सगळं लिहिलं नव्हतं. रंगाचा थेंब गळेल म्हणून मी वळलो हे अर्धंच खरं. ठमी रडत नव्हती. ती पावलं मोजत चालली होती, मोठ्याने. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, नववीस. ते नववीस ऐकून मला हसू आलं. शिडीवर एकटाच हसलो आणि तसाच हसत पाटीकडे वळलो. मी हसत होतो, हे मला आजवर कोणापाशी सांगता आलं नाही. ते तिला सांगितलं.

तिने तो शब्द मला पुन्हा म्हणायला लावला. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड केलं. सांगायला लागली की तो सबंध आठवडा तिने ठमीला एकोणतीस शिकवण्यात घालवला होता. आईसमोर ती बरोबर म्हणायची आणि एकटी असली की पुन्हा नववीस. घराबाहेरच्या कोणाला हे माहीत असणं शक्यच नव्हतं. चापट खाऊन दहा मिनिटांत ती नववीसवर आली होती, असं ती दोनदा म्हणाली. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

काल संध्याकाळी मी दुकानात होतो. फरशीवर ती दिसते, अजून दिसते. दिसायची थांबेल असं मला वाटत नाही, आणि थांबावी का, हेही कळत नाही.

त्या दिवशी तिच्याकडे मात्र मी तासभर बसलो. मध्येच मशीनच्या सुईतला दोरा निघाला. ती ओवायला गेली, तिला जमेना. मी चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं, मलाही जमेना. दोघांचे डोळे तसलेच. शेवटी दोरा तिने तसाच सोडून दिला, आणि उजेड होता तोवर आम्ही बसून राहिलो. ती ठमीबद्दल सांगत होती, मी ऐकत होतो.

तुलाही तिने ये म्हणून निरोप दिलाय. कधी येतेस ते कळव. माया आहेच, आता येऊन भेट.

तुझा,
दादा